मनुष्यबळ-व्यवस्थापनाकडे वळणाऱ्या मुलामुलींनी पदवीस कोणता विषय घ्यावा?

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा प्रथम आमच्या मनात तुरीचे भाव, गोदामातील साठवण आणि बारदानाची टंचाई हेच विषय आले. ज्यात आयुष्य गेले त्यावरच लिहावे, हे रीतीस धरून झाले असते. तथापि यंदाच्या उन्हाळ्यात जो प्रश्न आमच्या घरी महिनाभर चर्चिला गेला, तोच आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उभा असल्याचे आम्हांस दिसते. म्हणून तोच येथे मांडतो. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. कॉलेजच्या विषयांवर आम्ही मत द्यावे हे कोणास धाडसाचे वाटल्यास त्यांनी क्षमा करावी. परंतु फी भरणाऱ्याने निदान विचार तरी करावा, एवढाच आमचा आधार आहे.

प्रश्न असा. मुलगा किंवा मुलगी इंटर उत्तीर्ण झाली आणि म्हणू लागली की, मला दुकानात बसावयाचे नाही, सी. ए. व्हावयाचे नाही, मला मोठ्या कारखान्यात अथवा कंपनीत मनुष्यबळाचे, म्हणजे ज्याला आता सर्वजण एच. आर. म्हणतात ते काम करावयाचे आहे. तर तिने पदवीस कोणता विषय घ्यावा?

आपल्या समाजात याचे उत्तर ठरलेले आहे. मूल हुशार असेल तर वाणिज्य शाखा व पुढे सी. ए.; मध्यम असेल तर बी. कॉम. करून गादीवर, आणि मुलगी असेल तर जवळच्या कॉलेजात जे मिळेल ते. कला शाखा म्हटली की आपण नाक मुरडतो. आमची नात इंटरला सी. ई. सी. घेऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने मानसशास्त्र व समाजशास्त्र घेऊन बी. ए. करण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध आमचाच होता, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आम्ही म्हणालो, "बेटा, ज्या शिक्षणात हिशेब नाही, त्यात पोट कसे भरेल?"

तिने वाद घातला नाही. दोन दिवसांनी ती दुकानात आली, रोजमेळ आणि खतावणी चाळून पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, पोत्या-पोत्याचा हिशेब येथे आहे. ही पोती ज्यांनी उचलली त्यांची वही कोठे आहे?"

तशी वही आमच्याकडे नव्हती. 'हमाली' या नावाचे एक खाते होते, त्यात रकमा होत्या. माणसाचे नाव एकही नव्हते. तिच्या या साध्या प्रश्नाने आम्हांस पंचवीसेक वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. ती सांगण्यात आमची शोभा नाही, तरी सांगतो. तुरीच्या हंगामात आमच्या गोदामात थप्पी लावताना एक हमाल वरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. क्विंटलभराचे पोते त्याच्या पाठीवर होते. आम्ही त्यास इस्पितळात नेले, खर्च केला, दोन हंगाम घरी धान्यही पाठविले. मग आमच्याकडून ते राहून गेले. पंधरा वर्षे त्याने आमच्याकडे ओझे वाहिले, परंतु तो आमच्याकडे कामास होता असे दाखविणारा कागदाचा एक चिटोराही नव्हता; म्हणून विमा, भरपाई, निधी यांपैकी काहीही त्यास मिळू शकले नाही. आम्ही दुष्ट नव्हतो, केवळ निष्काळजी होतो. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. बैलाच्या बाबतीत ते आम्हांस आठवत, माणसाच्या बाबतीत आठवले नाहीत.

मनुष्यबळाचे काम म्हणजे मूलतः ही वही ठेवण्याचे काम होय, असे आमचे मत बनले आहे. भरती, हजेरी, पगार, बढती, तक्रार, अपघात, भविष्यनिर्वाह निधी, संप आणि प्रसंगी कपात, हे सारे त्यात येते. या कामाचे नाव वेळोवेळी बदलले. कधी लेबर ऑफिसर, कधी वेल्फेअर ऑफिसर, कधी पर्सोनेल. परंतु त्याची गरज कशी उत्पन्न झाली, हे आपल्याच मुंबईच्या इतिहासात दिसते. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी कामगारांस रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. आठवड्यात एक दिवस विश्रांती हवी, एवढी गोष्ट समजावयास मालकांस इतकी वर्षे लागली. पुढे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. १९४९ साली जमशेदपूर येथे झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या २९ कामगार कायद्यांच्या जागी ज्या ४ संहिता लागू झाल्या, त्यांत कल्याण अधिकाऱ्याची अट कारखाना, खाण व मळा यांस २५० कामगारांवर आणली आहे. म्हणजे अशा जाणत्या माणसांची गरज वाढणारच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या विषयात चौकशी करता आम्हांस जे समजले, त्याचा सारांश असा की, पदवीच्या विषयाने या व्यवसायाचे दार बंद होत नाही. टाटा संस्थेत किंवा जमशेदपूरच्या संस्थेत पदव्युत्तर प्रवेशास कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र असतो. कस लागतो तो प्रवेशपरीक्षेत. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्लमपल्ली, मंदमर्री या भागांत सिंगरेणी कंपनीच्या कोळशाच्या खाणी आहेत. तेथील या खात्याच्या अधिकारीपदासही मनुष्यबळ, औद्योगिक संबंध किंवा समाजकार्य यांतील पदव्युत्तर शिक्षण मागितले जाते. तेव्हा खरा निर्णय दोन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर पाया घालावयाचा आणि दुसरीवर व्यवसायाचे शिक्षण घ्यावयाचे. केवळ बी. कॉम. किंवा केवळ बी. ए. यांवर थांबणाऱ्यास हजेरीपट सांभाळण्यापलीकडे फारसे मिळत नाही, हे पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

पाया कोणता घालावा, हे मुलाचा कल पाहून ठरवावे. ज्यास पगार, निधी, करकपात, बोनस यांच्या आकड्यांत गोडी आहे, त्याने खुशाल वाणिज्य शाखा घ्यावी. या कामाचा एक मोठा भाग हिशेबाचाच आहे आणि आपल्या मुलांस तो घरीच येतो. माणसे निवडणे, शिकविणे, त्यांचे मन ओळखणे याची ज्यास ओढ आहे, त्यास मानसशास्त्र उपयोगी. कामगार कोणत्या गावातून, कोणत्या रीतीभातीतून येतो, त्याचे कर्ज, त्याचे सण, त्याची भांडणे कशी असतात, हे समजून घ्यावयाचे तर समाजशास्त्र किंवा समाजकार्य. या शेवटच्या विषयासाठी आपल्याला जवळ पडणाऱ्या नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आहे, आणि पुण्यास १९६३ सालापासून कर्वे समाज सेवा संस्था आहे. ज्याचे मन कायद्यात रमते त्याने पदवीनंतर कायद्याचा अभ्यास करून कामगार कायद्यात प्रावीण्य मिळवावे. नव्या संहितांमुळे पुढील काही वर्षे जुने-नवे नियम समजावून देणाऱ्यास काम कमी पडणार नाही. कोणताही विषय घेतला तरी सोबत थोडे हिशेबाचे व संगणकाचे ज्ञान मात्र हवेच.

आणखी एक भांडवल आपल्या इंद्रवेल्लीच्या मुलांपाशी आहे, ज्याची किंमत आपणच करीत नाही. ते म्हणजे भाषा. आठवडी बाजारात वाढलेले आपले मूल मराठी घरी बोलते, तेलुगू शाळेत शिकते, हिंदी-उर्दू रस्त्यावर उचलते, आणि गोंडी व बंजारा बोलीही त्याच्या कानांवरून जातात. कल्याण अधिकाऱ्यास बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे, अशी अट राज्यांच्या नियमांत घातली गेली ती उगाच नव्हे. भाषा व रीत न जाणणाऱ्या कारभाराचे फळ आपल्या मुलुखाने भोगले आहे. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेले, तेव्हा कोठे निजाम सरकारने व्हिएन्नाहून आलेल्या हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांची स्थिती समजून घेतली. त्यांनी आपल्या शेजारच्या मार्लवाईत राहून गोंडांचा अभ्यास केला, आणि १९४३ साली तेथेच गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. माणसाचा अभ्यास ही निरुपयोगी विद्या आहे असे म्हणणाऱ्यांनी मार्लवाईस एकदा जाऊन यावे.

या व्यवसायाविरुद्ध एक आक्षेप आम्ही ऐकतो, आणि तो खोटा नाही. हे अधिकारी मालकाचेच असतात आणि कामावरून काढण्याचा कागदही त्यांच्याच हातून जातो, असे लोक म्हणतात. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली नव्या व्यवस्थापनाखाली पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात तेथील कुटुंबांनी काय सोसले, हे त्या बाजूस उधारी असलेल्या आपल्या व्यापारी बंधूंस ठाऊक आहे. अशा प्रसंगी या खात्यातील माणूस गिरणी चालू ठेवू शकत नाही. परंतु कोणाचे किती देणे आहे याची नोंद चोख ठेवणे आणि खरे तेच वेळेवर सांगणे त्याच्या हाती असते. मुलांस या मार्गाने पाठविताना ही कठीण बाजूही त्यांस सांगावी. ज्यास सर्वांचा आवडता व्हावयाचे आहे, त्याने या वाटेस जाऊ नये.

संघाच्या सभासदांपुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संघाकडून विद्यार्थ्यांस जे साहाय्य दिले जाते, त्यात समाजकार्य, मानसशास्त्र व कामगार कायदा या विषयांसही स्थान असावे, आणि मुलींस ते मुलांइतकेच मिळावे. दुसरी, या व्यवसायाची इच्छा धरणाऱ्या प्रत्येक मुलास एक पूर्ण हंगाम काट्यावर व गोदामात उभे करावे. हमालीचा दर कसा ठरतो, भांडण कोठून सुरू होते आणि कोणाच्या शब्दाने मिटते, हे त्याने डोळ्यांनी पाहावे. तिसरी सूचना आपणा सर्वांसाठी आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी-हमालांचा कायदा झाला, तेव्हापासून तेथे मंडळाकडे मालक व हमाल या दोघांची नोंद होते आणि मजुरीबरोबर लेव्ही भरली जाते. त्या कायद्याविषयी व्यापाऱ्यांच्या तक्रारी आम्हांस माहीत आहेत. परंतु कायद्याची वाट न पाहता, आपल्या गोदामात काम करणाऱ्याचे नाव, गाव, वारस आणि कामाचे दिवस यांची एक वही आपण आपण होऊन ठेवू शकतो. त्यास खर्च एका वहीचा आहे.

आमच्या दुकानात ती वही या अक्षय तृतीयेपासून सुरू झाली आहे. पहिली पाने नातीने लिहून दिली. तिचा प्रवेश नागपुरास झाला असून मानसशास्त्र व समाजशास्त्र हेच विषय तिने घेतले आहेत. पुढे तिला यश येते की नाही हे काळ ठरवील. तिच्या वडिलांची काळजी अजून पूर्ण मिटलेली नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचीही नाही. परंतु त्या जुन्या हमालाच्या मुलाचा शोध लावून त्याचे नाव आम्ही वहीत पहिल्या ओळीवर घातले आहे. तो हल्ली आमच्याकडेच कामास येतो.