पूर्वपक्षावाचून सिद्धान्त

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास विद्यापीठात शिकून उपयोग काय, हा प्रश्न बंगळूरमध्ये विचारला जावा, यात मोठाच विरोधाभास आहे. संगणकावर ज्या नगरीने आपली समृद्धी उभारली, तिच्या पायाशी अ‍ॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्र, लायब्निट्सचे १७०३ मधील द्विमान अंकगणित, बूलचा १८५४ चा विचारनियमांवरील ग्रंथ आणि फ्रेगेची १८७९ ची संकेतलिपी आहे. व्याजावर जगणाऱ्याने मुद्दलाला निरुपयोगी म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

अर्थात, उपयुक्ततेच्या न्यायालयात तत्त्वज्ञानाने उभे राहण्याचे कारण नाही. खरा दोष अध्यापनात आहे. थेलीसपासून रसेलपर्यंतची वंशावळ विद्यार्थ्याकडून पाठ करून घेतली जाते. परंतु ह्यूमने कार्यकारणसंबंधावर आघात केल्यावर कांटला स्वस्थ का बसवेना, ही तळमळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यावर स्वदेशीचे अभिमानी म्हणतात, हे परके ओझे टाकूनच द्यावे. त्यांना आपल्याच परंपरेचा विसर पडला आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या समर्थ रूपात मांडल्यावाचून सिद्धान्त सांगू नये, ही तर भारतीय शास्त्रांची शिस्त!

१९८३ साली इन्फोसिसने आपले बिऱ्हाड पुण्याहून बंगळूरला हलविले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण प्रभृतींनी शास्त्री-पंडित व इंग्रजीतून शिकलेले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसविले, रसेलचे विधानविषयक विचार संस्कृतात मांडले गेले आणि पंडितांनी ते कसोटीस लावले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पाश्चात्त्य विचारवंत तेथे गुरूही नव्हता, शत्रूही नव्हता. तो पूर्वपक्ष होता.

देशी भाषांत परिभाषा नाही, ही सबबही टिकत नाही. दे. द. वाडेकरांनी संपादिलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान-महाकोश १९७४ मध्येच सिद्ध झाला. उणीव शब्दांची नाही, धैर्याची आहे. कन्नड, मराठी, तमिळ, उर्दू घरांतून वर्गात येणाऱ्या बंगळूरच्या विद्यार्थ्याला देकार्तशी स्वतःच्या भाषेत भांडता आले पाहिजे. ज्या इतिहासाशी भांडता येत नाही, तो शिकलेला नसतो. केवळ उतरवून घेतलेला असतो.