वय झालं म्हणे!

मे महिन्यात लातूरला एका लग्नाला जायचं होतं. नांदेडहून मामांना सोबत घेऊ म्हणून गेलो, तर मामा येतच नाहीत म्हणाले. कारण सांगेनात. मामी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा हळूच बोलले, "अरे, लोह्याच्या पुढं कुठं थांबायला मिळत नाही. कपडे खराब झाले तर?"

वर्षभरापासून लघवी गळते. कपड्यांना डाग पडतो, वास येतो. उपाय काय केला?

"पाणी कमी पिऊलालो."

भर मे महिन्यात. नांदेडात!

"डॉक्टर?"

"डॉक्टर काय करणार? वय झालं आता."

हे 'वय झालं' ऐकलं की माझं डोकंच सरकतं. सर्व्हर बंद पडला की आपण लॉग उघडतो, 'मशीन जुनी झाली' म्हणून घरी जात नाही. मग बापमाणसाच्या बाबतीतच हे उत्तर का चालतं?

पुरुषांच्या बाबतीत तर ही गळती फसवी असू शकते. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, लघवीची नळी तिच्यामधून जाते. वय वाढतं तशी ही ग्रंथी वाढते, वाट अरुंद होते, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. कायम भरलेलं राहतं आणि वरचं सांडतं. म्हणजे बाहेरून दिसते गळती, आत मात्र तुंबलेलं! अशा माणसाने मेडिकलवरून 'लघवी थांबवायची गोळी' आणून खाल्ली तर लघवी पूर्ण अडकून नळी घालायची वेळ येऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनीसुद्धा हे होतं. तपासायला काय लागतं? लघवी करून आल्यावर आत किती उरली ते सोनोग्राफीत मोजतात. बस. विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही सोनोग्राफी होते, त्यासाठी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. प्रोस्टेटवर गोळ्या आहेत, त्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन आहे.

दुसरा प्रकार घाईचा. कळ आली की बाथरूमपर्यंत पोचत नाही. मधुमेह, लकवा, कंपवात असलेल्यांत हे बरंच दिसतं. वेळ ठरवून जाणं, कळ थोडी थोडी रोखायचा सराव आणि मग औषध. तिसरा प्रकार खोकलं, वजन उचललं की गळण्याचा. तो बहुतेक प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर येतो. त्यावर ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम असतात, पण महिनोनमहिने चिकाटीने करावे लागतात.

आणि पाणी तोडणं? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा नाइलाज होता. आता घरात पाणी असताना माणसं स्वतःच्या पोटात दुष्काळ पाडतात! लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्तच चिडतं, वर मुतखड्याला आमंत्रण. कमी करायचंच तर चहा कमी करा, झोपायच्या आधीचं पाणी कमी करा.

आता एसटीचं बघा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट. चांगलंच झालं. पण जायचं कुठं? पुरुष काय, कुठंही उभा राहील, हा आपला समज. प्रोस्टेटवाल्या म्हाताऱ्याला धार सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात, तोवर कंडक्टरची घंटी वाजते. मग तो प्रवासच सोडतो. लग्नं सोडतो, मर्तिकं सोडतो. घरचे म्हणतात, बाबा हल्ली एकलकोंडे झालेत.

आपण पोरं पण ग्रेटच. बाबांना स्मार्टफोन घेऊन देतो, शुगर किती आली ते फोनवर विचारतो. 'रात्री किती वेळा उठता?' हे विचारताना मात्र जीभ अडखळते. माझीही अडखळली, खोटं कशाला बोलू.

शेवटी मामांना एक वही दिली. तीन दिवस लिहायचं: किती प्यायलं, कधी गेलो, कधी गळली. डॉक्टरला हेच लागतं. (लघवीत रक्त, ताप किंवा लघवी पूर्ण बंद असेल तर वही-बिही सोडा, तडक दवाखाना.) पहिल्या दिवसाची नोंद मामांनी फोनवर वाचून दाखवली, मामी बाहेर गेल्याची खात्री करून. रात्रीतून पाच वेळा. पुढच्या मंगळवारी युरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय. मी रजा टाकलीय.