संगणकाचें मौन

घरांतील एखादें बोलकें माणूस एकाएकीं अबोल झालें कीं सारें घर अस्वस्थ होतें. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं तसेंच झालें. मात्र अबोल झालें तें माणूस नव्हे, संगणक. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हें यंत्र आहे, आणि त्याची संचालनप्रणाली नवी केल्याबरोबर आवाज नाहींसा होण्याचा प्रसंगहि पुष्कळांवर येतो. म्हणून या महिन्यांत दुसरे विषय बाजूस ठेवून, हरवलेला आवाज कसा शोधावा एवढेंच सांगण्याचें योजिलें आहे.

आधीं आमची हकीकत सांगतों. माझी थोरली बहीण अक्का आमच्याजवळच गोंडपिपरीस असते. तिचें वय ७६. काचबिंदूनें तिची दृष्टि आठ वर्षांपूर्वीं गेली. जिनें जन्मभर पोथी वाचल्याशिवाय अन्न घेतलें नाहीं, तिला अक्षर पारखें झालें. पुढें माझ्या नातवानें संगणकावर एनव्हीडीए नांवाचें वाचनसाधन बसवून दिलें. पडद्यावर जें लिहिलेलें असेल तें हें साधन मोठ्यानें वाचून दाखवितें, मराठीहि वाचतें. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या गृहस्थानें २००६ सालीं तें तयार करण्यास आरंभ केला, आणि तें सर्वांस विनामूल्य मिळतें. उच्चार यांत्रिक खरा, परंतु अक्काच्या कानांस त्याची संवय झाली. वर्तमानपत्र, पुराणकथा, भाचरांचीं पत्रें, सर्व ती कानांनीं वाचूं लागली. शिवाय आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या तिनें आपल्या आवाजांत म्हणून त्याच यंत्रांत सांठविल्या आहेत. सव्वाशेंच्या वर आहेत. आणि दुसरीकडे कोठेंहि लिहिलेल्या नाहींत.

दिवाळीच्या सुटींत नातू नागपुराहून आला. यंत्राची प्रणाली जुनी झाल्याचें पाहून त्यानें नवी उतरवून घेण्याचें काम रात्रीं लावून दिलें व तो निजला. सकाळीं पडदा सुरेख दिसूं लागला, चित्रें झळकूं लागलीं. पण आवाज नाहीं! आम्हां डोळसांना ती एक गैरसोय. अक्काला मात्र सगळें यंत्रच गेलें, कारण तिच्यापुरता पडदा म्हणजे आवाजच. ती इतकेंच म्हणाली, "अरे, मला पुन्हां अंधार झाला."

एका दुरुस्तीवाल्यास फोन केला. त्यानें यंत्र न पाहतांच निदान सांगितलें: आवाजाचें कार्ड जळलें असेल, यंत्र आणून द्या, सर्व पुसून नव्यानें भरावें लागेल. 'सर्व पुसून' हे शब्द ऐकतांच माझ्या पोटांत धस्स झालें. त्या पुसण्यांत आईच्या ओव्याहि पुसल्या गेल्या असत्या. मीं त्यास नम्रपणें 'कळवितों' म्हणून सांगितलें आणि ठरविलें कीं आधीं आपण विचार करावा, मग एस.टी.नें यंत्र चंद्रपुरास नेण्याचें पाहावें.

न्यायशास्त्राच्या आरंभींच आम्हांस अन्वय आणि व्यतिरेक शिकविले होते. जें असतां कार्य होतें आणि जें नसतां कार्य होत नाहीं, तें कारण. व्यवहारांत याचा अर्थ इतकाच कीं एका वेळीं एकच वस्तु बदलावी व परिणाम पाहावा. दहा कळा एकदम दाबणाऱ्यास आवाज मिळाला तरी कारण मिळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस तो पुन्हां अडतो.

आतां ही परीक्षा कोठून आरंभावी? आपल्या शास्त्रकारांनीं वाणीच्या परा, पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी अशा चार अवस्था मानिल्या आहेत. संगणकाचा आवाजहि अशाच चार पायऱ्या उतरून कानावर येतो. परेच्या जागीं सांठविलेलें ध्वनिमुद्रण. तें केवळ अंकांची रास असतें. पश्यन्तीच्या जागीं ती रास वाचणारें सॉफ्टवेअर. मध्यमेच्या जागीं संचालनप्रणाली आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीची भाषा आवाजाच्या चिपला समजावून देणारा दुभाषी. आणि वैखरी म्हणजे स्पीकर. प्रणाली नवी केली म्हणजे मुख्यतः बदलते ती मध्यमा. म्हणून 'काल रात्रीं प्रणाली बदलली आणि आज सकाळीं कार्ड जळलें' हें निदान प्रथमदर्शनींच संशयास्पद होतें.

पहिला पुरावा अक्कानेंच दिला. ती म्हणाली, "तूं स्पीकरचें बटण दाबलेंस तेव्हां टक् असा आवाज आला. मेलेला स्पीकर टक् करील का रे?" आम्हां कोणाच्याच तें कानीं आलें नव्हतें. स्पीकरची पिन काढून नातवाच्या मोबाईलला लाविली. गाणें स्वच्छ वाजलें. वैखरी निर्दोष ठरली. मग संगणकावर एक ओवी लाविली. आवाज ऐकूं येईना, पण साउंडच्या पानावरील आवाज मोजणारी पट्टी खालींवर होत होती. म्हणजे परा आणि पश्यन्तीहि ठीक होत्या. आवाज निघत होता. पण स्पीकरपर्यंत पोंचत नव्हता. मग तो जात होता कोठें?

तो जात होता मॉनिटरकडे. आमचा मॉनिटर एचडीएमआयच्या तारेनें जोडलेला आहे, आणि त्या तारेंतून चित्राबरोबर आवाजहि जाऊं शकतो. नव्या प्रणालीबरोबर चित्राचा नवा ड्रायव्हर आला, मॉनिटर आवाजाचें एक दार म्हणून नोंदला गेला, आणि तेंच दार निवडलें गेलें. आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहींत! पत्ता चुकलेलें पत्र कुलूपबंद घरांत पडावें, तशी आवाजाची गत झाली होती. नातवानें यादींतून स्पीकर निवडला, आणि अर्ध्यावर आलेली ओवी खोलींत घुमूं लागली. अक्कानें हात जोडले. दुरुस्तीचा खर्च कांहीं नाहीं; विचाराचा वेळ दीड तास.

बहुसंख्य घरांत विंडोज ही प्रणाली असते, आणि तिच्या दहाव्या आवृत्तीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविल्यामुळें अनेकांनीं अकरावी आवृत्ति घेतली आहे. म्हणून शोधाचा क्रम तिच्याच भाषेंत देतों.

प्रथम पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांतील स्पीकरचें चिन्ह पाहावें. त्यावर फुली असेल तर बहुधा आवाज केवळ बंद केलेला असतो. नसेल तर तें चिन्ह दाबून, आवाजाच्या पट्टीशेजारील बटणानें निर्गमनाचीं दारें पाहावीं आणि आपला स्पीकर निवडावा. जवळ नसलेला ब्लूटूथ हेडफोन किंवा आमच्यासारखा मुका मॉनिटर तेथें निवडलेला असणें, हें सर्वांत साधें आणि सर्वांत दुर्लक्षित कारण होय.

दुसरें, सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या वाटेनें व्हॉल्यूम मिक्सरमध्यें जावें. तेथें प्रत्येक सॉफ्टवेअरचा आवाज निराळा असतो. एकच मुकें आणि बाकीचीं बोलकीं असल्यास दोष त्या एकाचाच.

तिसरें, यंत्र एकदां रीस्टार्ट करावें. आवाजाची व्यवस्था पाहणारी विंडोज ऑडिओ ही सेवा अडकली असल्यास बहुधा तेवढ्यानें मोकळी होते.

चौथें, दुभाष्याकडे वळावें. डिव्हाइस मॅनेजर उघडून साउंड या शब्दानें आरंभ होणाऱ्या शाखेंत आपलें उपकरण शोधावें. त्याच्या प्रॉपर्टीजमध्यें रोल बॅक ड्रायव्हर हें बटण दाबतां येत असल्यास जुना दुभाषी परत बोलावतां येतो. तें न साधल्यास उपकरण अनइन्स्टॉल करून यंत्र पुन्हां सुरू करावें. प्रणाली ड्रायव्हर नव्यानें बसविते. अथवा यंत्राच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच नमुन्याचा ड्रायव्हर घ्यावा. अनोळखी ठिकाणाहून कदापि घेऊं नये.

ड्रायव्हरचा दोष काल्पनिक नाहीं. ऑक्टोबर २०१८ मध्यें इंटेलचा एक ड्रायव्हर चुकून विंडोजच्या सुधारणांबरोबर अनेक यंत्रांवर गेला व त्यांचा आवाज बंद पडला. तो काढून टाकण्यासाठीं मायक्रोसॉफ्टला स्वतंत्र सुधारणा द्यावी लागली. डिसेंबर २०२४ मध्यें डिरॅक नांवाचें ध्वनिसॉफ्टवेअर असलेल्या कांहीं यंत्रांवर अकराव्या आवृत्तीच्या नव्या सुधारणेनें आवाज जाऊं लागला, तेव्हां तशा यंत्रांना ती सुधारणा देणेंच थांबविलें गेलें. अशा वेळीं घरच्या माणसानें स्वतःस दोष देऊं नये. नवी आवृत्ति घेतल्यापासून १० दिवसांच्या आंत सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरून मागील आवृत्तीवर परततां येतें. तो काळ वायां दवडूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाच्या दोन गोष्टी. एक, प्रणाली बदलण्यापूर्वीं आपलीं मुद्रणें, पत्रें व छायाचित्रें निराळ्या डिस्कवर उतरवून ठेवावीं. आम्ही तें केलें नव्हतें. दुरुस्तीवाल्याच्या एका वाक्यानें जी धडकी भरली, ती आमच्याच आळसाचें फळ होतें. ओव्यांची दुसरी प्रत आतां नातवाकडे नागपुरास आहे, आणि अक्का सांगते व मी वहींत उतरवून घेतों असाहि क्रम चालू आहे.

दोन, घरांत कोणी दृष्टिहीन माणूस संगणक वापरीत असेल, तर त्यास विचारल्याशिवाय आणि आपण स्वतः शेजारीं असल्याशिवाय प्रणाली बदलूं नये. यूएसबीला लागणारा एक लहानसा ध्वनिजोड किंवा यूएसबी हेडफोन जवळ ठेवावा. त्यांत आवाजाची चिप निराळी असते. म्हणून यंत्रांतील चिपचा दुभाषी बिघडला तरी बहुधा तेवढ्या वाटेनें वाचनसाधन बोलूं शकतें, आणि तें बोलूं लागलें कीं तें माणूस पुढची दुरुस्ती स्वतःच करूं शकतें.

नातू परत निघतांना अक्काच्या पायां पडला आणि म्हणाला, "अक्काआजी, पुढच्या वेळीं तुला विचारून करीन." ती म्हणाली, "विचारून कर, आणि दिवसा कर." आमच्या घरापुरता हा नियम कायम झाला आहे. वाचकांनींहि तो आपल्या घरीं चालवून पाहावा.