डोळा पिकायची वाट पाहू नका

‘बिंदू पिकू दे, सुगी उरकली की काढू.’ कराडपासून जतपर्यंत कुठल्याही पारावर हे ऐकू येतं. मोतीबिंदूला ही चालढकल बहुधा खपते. ऑपरेशन झालं की नजर परत येते. काचबिंदूला खपत नाही. त्यानं नेलेली नजर कुठलाच डॉक्टर परत देऊ शकत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत तो दुखतही नाही. डोळ्यातल्या द्रवाचा दाब वाढतो, मेंदूकडे जाणारी नस सुकू लागते आणि नजर कडेकडेनं विझत जाते. समोरचं वाचता येतं, म्हणून माणूस निर्धास्त. बाजूनं आलेला ट्रॅक्टर दिसत नाही, उंबऱ्याला ठेच लागते, आणि दोष जातो वयाला! देशात काचबिंदूचे रुग्ण एक कोटीहून जास्त आहेत. त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नाही.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनो, चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं समजू नका. नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोळ्याचा दाब मोजायला आणि नस पाहायला सांगा. दोन्ही हवं, कारण दाब ठीक असूनही नस सुकू शकते. आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीचीही वाट नको. मधुमेह असणाऱ्यांनी दरवर्षी जावं. आणि उसाचं पान लागून डोळा चुरचुरला की मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणं बंद करा. त्यानंही दाब चढतो. डॉक्टरांनी काचबिंदूसाठी दिलेले थेंब मात्र बरं वाटतंय म्हणून सोडायचे नाहीत. ते गेलेलं आणत नाहीत, उरलेलं राखतात.

डॉक्टर दूर आहेत, ही सबब आपल्याला शोभत नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारलं. आज तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला तर क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. १९४३ मध्ये त्यांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही सातारा जिल्ह्यातच होता. गावांनी इंग्रजांची वाट न पाहता आपले न्यायनिवाडे आपण केले. त्यांच्या नातवंडांना गावातली चाळिशीपुढची माणसं गाडीत घालून तपासणीला नेता येत नाहीत?

गणेश मंडळांनो, एका वर्षी डॉल्बीचा खर्च वाचवा, शिबिर घ्या. त्यात फक्त मोतीबिंदू नको, दाब आणि नसही तपासून घ्या. कारखान्यांनो, गळीत हंगामाआधी तोडणी कामगारांचे आणि ट्रॅक्टरचालकांचे डोळे तपासा. आणि वाचणाऱ्या तुम्ही, या आठवड्यात आईवडिलांना घेऊन निघा. स्वतःचेही डोळे तपासूनच घरी या.