गर्भवतीच्या घरातील हवा

दसरा-दिवाळी जवळ आली की शहरातील मध्यमवर्गीय घरांतून रंगारी दिसू लागतात, कपाटांत डांबराच्या गोळ्या नव्याने पडतात, न्हाणीघराची फरशी ॲसिडने घासली जाते आणि तिन्हीसांजेस खिडक्या लावून डासांची कॉइल पेटविली जाते. त्याच घरात सून वा लेक गरोदर असेल, तर पपई वर्ज्य होते, ग्रहणात तिला बसवून ठेवण्यात येते. मात्र अष्टौप्रहर ती ज्या हवेत श्वास घेते, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

घबराट पसरविण्याचा आमचा हेतू नाही. जाता-येता रंगाचा वास आला म्हणून गर्भास अपाय होतो असे नव्हे. प्रश्न बंद खोलीचा आणि रोजच्या सवयीचा आहे. थिनरमधील टोल्युइनसारखी द्रव्ये श्वासावाटे मातेच्या रक्तात आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात आली. तेव्हा जुनी दारे खरवडताना उडणाऱ्या धुळीचे भय नव्या रंगाच्या वासाहून मोठे समजावे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी आपल्या घरांतून का हद्दपार झाली, कोण जाणे! बाळाची दुपटी डांबराच्या गोळ्यांत ठेवून तशीच वापरावयास काढली, तर काही अर्भकांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ होते.

नाकावर भिस्त ठेवूनही चालत नाही. हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातील गॅस गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. आणि गर्भाच्या रक्तातून तो मातेच्या रक्तापेक्षा सावकाश बाहेर पडतो. उलट ॲसिड ओतलेल्या फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकताच जो उग्र वायू उठतो, तो क्लोरीन होय. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच.

ही फरशी घासते कोण? सुनेला रंगाचा त्रास नको म्हणून माहेरी धाडणारे सुशिक्षित कुटुंब, कामाला येणाऱ्या सहा महिन्यांच्या गरोदर बाईच्या हाती ॲसिडची बाटली निःशंकपणे देते. तिची स्वतःची सून असती तर? १९६१ साली प्रसूतीविषयक कायदा झाला, २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण तो कारखाने, दुकाने, कचेऱ्यांतील स्त्रियांसाठी. चार घरची धुणीभांडी करणारी त्यात बसली नाही. काम नाकारावे तर घर सुटते, आणि घर सुटले तर महिन्याचा पगार. अशा स्थितीत ती स्वतःहून काही बोलेल, ही अपेक्षा आम्हांस निव्वळ सोयीस्कर वाटते.

म्हणून हे पाऊल घरधन्यानेच उचलावयास हवे. तिचे दिवस भरेपर्यंत ॲसिडची बाटली घरातून काढून टाकावी. साबण आणि ब्रश यांनीही फरशी स्वच्छ होते. हट्टच असेल, तर खिडकी उघडून, ती घरी गेल्यावर, यजमानांनी स्वतः घासावी. रंगकाम पुढील वर्षावर ढकलावे. आणि त्या महिन्यांत तिने एखादे काम केले नाही, म्हणून तिच्या पगारातील एक पैसाही कापू नये.