रिव्हर्समध्ये क्लच दाबला की गाडी थांबते का? सुलीभंजनच्या अपघातानंतर समजून घ्यायची गोष्ट

१७ जून २०२४. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या खुलताबाद तालुक्यातलं सुलीभंजन. दत्तधाम मंदिराजवळच्या डोंगरावर २३ वर्षांची एक तरुणी कार चालवून बघत होती. सोबतचा मित्र बाहेर उभा राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. रिव्हर्स गिअरमधली गाडी आधी हळूहळू मागे सरकली आणि मग अचानक वेगात गेली. व्हिडिओत मित्र तिला क्लच दाबायला सांगत ओरडताना ऐकू येतो. पण तोवर गाडी कठडा तोडून सुमारे ३०० फूट खोल दरीत कोसळली. तरुणीचा मृत्यू झाला.

त्यानंतरची बहुतेक चर्चा रीलच्या नादाभोवती फिरली. ती व्हायलाच हवी. पण मोबाईल बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. गाडी रिव्हर्समध्ये हाताबाहेर का जाते आणि तेव्हा नेमकं काय दाबायचं?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकांसाठी हा प्रश्न लांबचा नाही. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या डोंगररांगेत येतो. तुळजापुरात दर्शनाला गेलं तर चढ-उतारावर, गर्दीतून गाडी मागे काढावी लागते. शिवाय आपल्याकडे अनेक जण गाडी शिकतात ती भावाच्या किंवा मित्राच्या कारवर, एखाद्या मोकळ्या मैदानात. तिथे पुढे जायला शिकवलं जातं. रिव्हर्स मात्र 'येईल हळूहळू' म्हणून शेवटी ठेवलं जातं.

क्लच नेमकं काय करतो?

क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातला जोड. पेडल पूर्ण दाबलं की हा जोड सुटतो आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. पेडल हळूहळू वर सोडलं की एका ठिकाणी गाडी हलकीशी थरथरते आणि सरकायला लागते. यालाच आपण 'हाफ क्लच' म्हणतो.

रिव्हर्स गिअरची ताकद साधारण पहिल्या गिअरइतकीच असते. त्यामुळे सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला पाय न लावता नुसता क्लच हळूहळू सोडला, तरी बहुतेक गाड्या मागे सरकतात. म्हणून रिव्हर्स घेताना वेग डाव्या पायानं सांभाळायचा असतो आणि उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवायचा असतो. बहुतेक शिकाऊ चालक इथेच चुकतात. पुढे जायच्या सवयीनं त्यांचा उजवा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो.

मग क्लच दाबला की गाडी थांबते का?

क्लचनं फक्त इंजिनाचा जोर तुटतो. गाडी थांबवण्याचं काम ब्रेकचं.

सपाट जागेवर क्लच दाबल्यावर गाडी थोडी सरकून थांबते, त्यामुळे क्लचनंच थांबली असं वाटतं. पण मागच्या बाजूला उतार असेल तर गोष्ट उलटी होते. जोड सुटलेली गाडी मोकळी होते आणि स्वतःच्या वजनानं आणखी वेगात घरंगळते. अशा उतारावर भिस्त ब्रेकवरच ठेवावी लागते.

सुलीभंजनच्या घटनेत गाडी रिव्हर्समध्ये असताना चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला, असं पोलिसांनी सांगितलं होतं. अशा वेळी क्लच दाबण्याचा सल्ला चुकीचा नाही, कारण त्यानं इंजिनाचा जोर तुटतो. पण तो अर्धाच सल्ला आहे. त्याच्या आधी ब्रेक हवा. घाबरल्यावर दोन गोष्टी आठवत नसतील तर फक्त ब्रेक पूर्ण दाबा. क्लच दाबायचा राहिला तर गाडी गचका देऊन बंद पडेल. पडू द्या.

पाय चुकतो कसा?

मागे बघायला चालक कमरेतून वळतो, तेव्हा पायाची जागाही नकळत बदलते. पाय ब्रेकवरच आहे असं वाटत असताना तो ॲक्सिलरेटरवर असू शकतो. गाडी उसळली की माणूस घाबरून तेच पेडल आणखी जोरात दाबतो.

'सेन्सर आहे की' असं कोणी म्हणेल. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये रिव्हर्स पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत. पण सेन्सर मागे असलेली वस्तू ओळखतो. दरी म्हणजे वस्तू नसलेली जागा. तिथे सेन्सरच्या भरवशावर राहता येत नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार शिकाऊ परवाना असलेल्याच्या सोबत परवानाधारक प्रशिक्षक हवा. तोही गाडीवर ताबा घेता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी बसलेला. म्हणजे बाहेर उभं राहून सूचना देणं नियमात बसत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकासाठी दुहेरी नियंत्रण सक्तीचं आहे. तिथलं कारचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास असावेत, अशी तरतूद आहे.

पक्क्या परवान्याच्या चाचणीतही रिव्हर्स आहे. गाडी मागे घेत डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मर्यादित जागेत नेता आली पाहिजे, असं हेच नियम सांगतात. चढावर गाडी मागे न घसरता पुन्हा सुरू करता येणंही त्यात आहे.

आणि परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० नुसार गाडीमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिकताना काय लक्षात ठेवायचं?

- रिव्हर्स आधी सपाट, मोकळ्या जागेत शिका. दरी, विहीर, तलाव किंवा रस्त्याची कड जवळ नको.
- गाडी पूर्ण थांबवा, क्लच पूर्ण दाबा, मगच रिव्हर्स टाका. गाडी चालू असताना टाकला तर गिअर खरखरतो.
- क्लच हळूहळू सोडा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवा. सपाट जागेवर ॲक्सिलरेटरची गरज सहसा पडत नाही.
- मागे उतार असेल तर वेग ब्रेकनं धरा.
- गोंधळ झाला की आधी ब्रेक, सोबत क्लच, मग हँडब्रेक.
- शिकवणारा शेजारच्या सीटवर असावा, हँडब्रेकपर्यंत त्याचा हात पोहोचेल असा.

गाडी मागे घेताना 'येऊ दे, येऊ दे' म्हणणारा माणूस आपल्याकडे कुठेही भेटतो. पार्किंगमध्ये तो उपयोगाचा असतो. पण जिला अजून गाडी थांबवता येत नाही, तिला बाहेरून ओरडून मदत करता येत नाही. सुलीभंजनला मित्र धावला होता. त्याची जागा शेजारच्या सीटवर होती.