पॅनेलचं दार उघडा!

पीएलसी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? कॉम्प्युटरचा स्क्रीन आणि त्यावरची लॅडर. ट्रॅफिक सिग्नल, लिफ्ट, बाटल्या भरायचं मशिन. तीन प्रॅक्टिकल्स, जर्नलवर सही, आणि व्हायवाला "स्कॅन टाइम म्हणजे काय?" उत्तर सगळ्यांना पाठ. पण त्या किटला २४ व्होल्ट कुठून येतात, असं कोणी विचारलंच तर वर्गात शांतता. कारण आपल्या लॅबमधलं किट कंपनीतूनच वायरिंग होऊन आलेलं असतं. पॉवर युनिट अ‍ॅक्रिलिकच्या मागे, आणि चावी असिस्टंटच्या खिशात!

माझं मत एकदम सरळ आहे. ज्याने पीएलसीचा पॉवर सप्लाय स्वतःच्या हाताने बसवला नाही, त्याची वायरिंग केली नाही आणि त्यातला एक तरी फॉल्ट शोधला नाही, त्याला पीएलसीच्या प्रॅक्टिकलचे मार्क मिळू नयेत. (मला शिव्या देणाऱ्यांनी कृपया मेसमध्ये भेटावे.)

मुळात ही लॅडर कोणासाठी निघाली? १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिले पॅनेलचा कंटाळा आला होता. मॉडेल बदललं की शेकडो रिलेंची वायरिंग नव्याने करायची. त्यातून डिक मोर्ली आणि त्यांच्या साथीदारांनी १९६९ मध्ये मोडिकॉन ०८४ आणला. त्याचा प्रोग्रॅम रिलेच्या डायग्रामसारखा दिसावा हे मुद्दाम ठरवलं होतं, म्हणजे शॉपमधल्या इलेक्ट्रिशियनला तो बघताक्षणी वाचता येईल. म्हणजे जी भाषा वायरमनसाठी बनवली ती आपण एसीत बसून शिकतो, आणि वायरमनचं काम मात्र आपल्याला कमीपणाचं वाटतं!

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ट्रेनिंगला होते. हंगाम जोरात, गेटबाहेर उसाच्या गाड्यांची लाइन. एका पॅनेलमधलं शेवटचं मॉड्यूल मधेच मरायचं आणि आपोआप जिवंत व्हायचं. आलेल्या इंजिनिअरने लॅपटॉप लावला, दोन तास प्रोग्रॅम तपासला. प्रोग्रॅम ठणठणीत. मी म्हटलं, "काका, सप्लायचा हिरवा दिवा तर चालू आहे." तिथले वायरमन काका हसले. म्हणाले, "ताई, दिवा लागलाय म्हंजी सप्लाय चांगला, असं कुनी सांगितलं तुमाला?"

त्यांनी मीटर आधी सप्लायच्या टर्मिनलवर धरला, २३.९ व्होल्ट. मग पॅनेलच्या दुसऱ्या टोकाला त्या मॉड्यूलवर धरला आणि एकाला व्हॉल्व चालू करायला सांगितलं. १९.८! आता २४ व्होल्टवर चालणाऱ्या पीएलसीसाठी आंतरराष्ट्रीय स्टँडर्डने उणे १५ ते अधिक २० टक्के अशी मर्यादा दिली आहे, म्हणजे २०.४ ते २८.८. मॉड्यूल मरणारच. झिरो व्होल्टची वायर एका रिलेच्या सॉकेटवरून दुसऱ्या, तिसऱ्या असं करत पार टोकापर्यंत नेलेली होती आणि मधे एका ठिकाणी स्क्रू सैल. काकांनी स्क्रू आवळला, शिवाय सप्लायपासून त्या मॉड्यूलपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढली. वीस मिनिटं लागली. ओहमचा नियम आपण अकरावीपासून लिहितो, तो त्या दिवशी मी वायरमध्ये पाहिला.

बरं, हे शिकायला फार अवघड आहे का? अजिबात नाही. मॉड्यूलर पीएलसीत पॉवर युनिट बहुतेक रॅकच्या डाव्या टोकाला असतं. आधी बेरीज करायची, प्रत्येक मॉड्यूल किती करंट घेतं त्याची, आणि बॅकप्लेनचे ५ व्होल्ट वेगळे, २४ व्होल्ट वेगळे. सिमेन्सच्या एस७-३०० चं युनिट २, ५ आणि १० अँपिअरमध्ये यायचं, त्यातलं कोणतं घ्यायचं हे या बेरजेवरून ठरतं. अंदाजपंचे नाही. ती सिरीज कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून बंद करत आणली आहे, पण प्लांटमध्ये चालू असलेलं युनिट कोणी तारीख बघून काढत नाही. उद्या आपल्या नशिबी अशीच जुनी पॅनेल्स येणार. काही जुन्या युनिटवर १२० आणि २३० व्होल्टचा सिलेक्टर असतो. तो १२० वर राहिला आणि आपले २३० दिले की संपलंच! म्हणून सप्लाय देण्याआधी तो बघायचा.

बसवताना वर-खाली मोकळी जागा सोडायची कारण गरम हवा वर जाते. साखर कारखान्यात तर बगॅसचा भुसा पॅनेलच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि आत भट्टी होते. सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. असा थकलेला कपॅसिटर डीसी रेंजवर सापडत नाही, मीटर २४ च्या आसपास दाखवतो. मीटर एसी रेंजवर घेतला की आतला रिपल दिसतो. हे आम्हाला थिअरीत आहे बरं का, रेक्टिफायरच्या चॅप्टरमध्ये, आठ मार्कांना!

वायरिंगमध्ये अर्थ सगळ्यात आधी. (हॉस्टेलमध्ये इस्त्रीच्या प्लगची अर्थची पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. रेक्टर सर, मी नावं सांगणार नाही.) मग पीएलसीसाठी वेगळा एमसीबी, २३० आणि २४ च्या वायरी वेगवेगळ्या डक्टमध्ये, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. तारा नुसत्या पिळून खुपसायच्या नाहीत, लग क्रिंप करायचा. आणि प्रत्येक टोकाला नंबराची फेरूल. फेरूल नसलेलं पॅनेल म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

आता सर म्हणतील, पोरांना शॉक बसला तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. पण वायरिंग मेन बंद करून, कुलूप लावूनच होते. बेंचला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. सरांनी तपासल्याशिवाय स्विच ऑन नाही. युनिटचं खोकं मात्र कोणीच उघडायचं नाही, कारण मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. हे नियम आम्ही इथे शिकलो नाही तर नोकरीच्या पहिल्या महिन्यात, सरांच्या मागे, एकटेच शिकणार. ते जास्त धोक्याचं नाही का?

दुसरी गोष्ट भाषेची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कारखान्यातलं जाडजूड इंग्लिश मॅन्युअल मला घडाघडा वाचता आलं, पण समोरचं पॅनेल वाचता येईना. काकांचं बरोबर उलटं. मॅन्युअल कपाटात, नवंकोरं. शेवटच्या चार दिवसांत मी त्यांना इन्स्टॉलेशनचा भाग मराठीतून सांगितला आणि त्यांनी मला पॅनेल दाखवलं. अशी मराठीतली चार पानं मिनी प्रोजेक्ट म्हणून का चालू नयेत? गाइड सर म्हणाले, "यात नॉव्हेल्टी काय?" सर, कपाटातलं मॅन्युअल बाहेर येईल, ही नॉव्हेल्टी पुरे नाही?

आपला भागच असा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, आणि त्याच माणसाने पुढे १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. साताऱ्यात कूपर १९२२ पासून. कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीत आज आपले सीनिअर्स कामाला आहेत. त्यांच्यातल्या एकाला इंटरव्ह्यूमध्ये लॅडर विचारलीच नाही. समोर स्क्रू ड्रायव्हर आणि मीटर ठेवला आणि म्हणाले, हे पॅनेल चालू होत नाही, बघा.

आपल्या स्टोअरमध्ये जिन्याखाली एक जुनं पॅनेल धूळ खात पडलंय. रॅक आहे, पॉवर युनिट आहे, दोन मॉड्यूल्स आहेत. आम्ही पाच जणांनी वायर, लग, फेरूल, एमसीबी आणि आरसीसीबीची यादी करून एचओडी सरांकडे दिली आहे. शनिवारी दुपारी लॅब रिकामीच असते. चावी फक्त हवी.